माणसं धर्म पाळतात ते श्रद्धेपोटी की हिशेबापोटी?

२०१४ साली जर्मनीतल्या बँकांकडून खातेदारांना एक पत्र गेलं. मजकूर अगदी रुक्ष होता. जर्मनीत चर्चच्या सभासदांकडून सरकार आयकराबरोबरच चर्च-कर वसूल करतं आणि तो चर्चकडे सुपूर्द करतं. राज्यानुसार हा कर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो. व्याज आणि इतर भांडवली उत्पन्नावर तो आधीपासूनच भरावा लागत होता. फक्त पुढच्या वर्षापासून बँका तो आपणहून कापून घेणार होत्या, एवढंच त्या पत्रात कळवलेलं होतं. नवा कर लागला नव्हता की दर वाढला नव्हता. तरीही त्या वर्षी चर्चचं सभासदत्व अधिकृतपणे सोडणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, कॅथलिकांमध्येही आणि प्रोटेस्टंटांमध्येही.

तिथे चर्च सोडायचं तर रविवारी जायचं थांबवून भागत नाही. सरकारी कचेरीत किंवा न्यायालयात जाऊन तसं रीतसर जाहीर करावं लागतं. २०१२ मध्ये तर जर्मन कॅथलिक बिशपांनी आदेश काढला होता, की जो असा बाहेर पडेल त्याला चर्चचे संस्कार मिळणार नाहीत आणि मेल्यावर धार्मिक अंत्यविधीही नाकारला जाऊ शकेल. ज्याची श्रद्धा जिवंत आहे त्याच्यासाठी ही फार मोठी किंमत आहे. ज्याची श्रद्धा केव्हाच ओसरली आहे त्याला तिचं काही वाटत नाही.

त्या पत्रानं कुणाची श्रद्धा हिरावून घेतली असेल असं मला वाटत नाही. अनेक वर्षं ज्या प्रश्नाकडे कुणी पाहिलंच नव्हतं, तो त्या पत्रामुळे समोर आला: मी अजून यांच्यातला आहे का, आणि असेन तर हे पैसे देणं मला पटतं का? पत्र एकच होतं, ते लाखोंना मिळालं, आणि त्याचं उत्तर प्रत्येकानं आपापल्या श्रद्धेप्रमाणे दिलं.

धर्माविषयीच्या वादात माणसं साधारणपणे दोन बाजूंना उभी राहतात. एक बाजू म्हणते, सगळा स्वार्थाचा मामला आहे, श्रद्धा हे वरचं पांघरूण. दुसरी म्हणते, श्रद्धेला हिशेब लावणं हाच अपमान आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर जे काम केलं आहे ते वाचल्यावर मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. फायदा-तोटा माणसाला नक्कीच हलवतो. पण फायदा कशाला म्हणायचं हे त्याची श्रद्धा ठरवते. आणि एकदा आचरण सुरू झालं की ते आचरण उलटून श्रद्धेलाच घडवायला लागतं. हे तिन्ही धागे एकत्र धरले तरच धार्मिक आचरण नीट कळतं.

किंमत फक्त पैशांची नसते

कॉरी अझी आणि रोनाल्ड एहरेनबर्ग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: माणूस आपला वेळ धर्माला किती देतो, आणि तेवढाच का देतो? त्यांची मांडणी अशी होती, की माणूस या जन्मातल्या सुखाबरोबर मरणानंतरच्या अवस्थेचाही विचार करतो, आणि आपला वेळ दोन्हींत वाटून देतो. ज्याचा एक तास बाजारात महाग विकला जातो त्याला प्रार्थनेचा एक तासही महाग पडतो. त्यामुळे कमी कमाई असणारे किंवा निवृत्त झालेले लोक वेळ जास्त देतील, आणि भरपूर कमावणारे वेळेऐवजी पैसा देतील.

ही मांडणी जरा कोरडी आहे आणि तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण तिनं एक चांगलं काम केलं. धार्मिक आचरणात नेमकं काय काय खर्ची पडतं हे पाहायची सवय लावली. वेळ जातो, झोप जाते, सुट्टीचा दिवस जातो, शरीराला त्रास होतो, चारचौघांत वेगळं दिसावं लागतं. आणि मिळतं काय? मनाला धीर, सोबत, अडीअडचणीला धावून येणारी माणसं, लग्न जुळवायला ओळखी, समाजात मान. शिवाय ज्याचा विश्वास आहे त्याला पुढच्या जगाची हमी. यादी लांब आहे, आणि पैसा तिच्यात बराच खाली येतो.

वेळेची किंमत बदलली की आचरण कसं बदलतं याचा एक स्वच्छ पुरावा अमेरिकेतला आहे. तिथल्या अनेक राज्यांत पूर्वी रविवारी दुकानं उघडायला कायद्यानं बंदी होती. वेगवेगळ्या राज्यांनी हे कायदे वेगवेगळ्या वर्षी रद्द केले. जोनाथन ग्रुबर आणि डॅनियल हंगरमन यांनी २००८ मध्ये दाखवलं, की कायदा उठल्यावर त्या त्या राज्यात चर्चमधली हजेरी घटली आणि देणग्याही घटल्या. धर्मग्रंथातलं एक अक्षर बदललं नव्हतं. कुणी प्रवचनात नास्तिकता शिकवली नव्हती. रविवार सकाळसाठी दुसरा एक पर्याय उभा राहिला, एवढंच. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की जे आधी धार्मिक होते त्यांच्यात दारूचं आणि अमली पदार्थांचं प्रमाण वाढलं. म्हणजे हजेरी कमी झाली तिच्याबरोबर तिनं जो आवर घातला होता तोही सैल झाला. हे वाचून मी थांबलो होतो, कारण आचरणाकडे केवळ श्रद्धेचं बाहेरचं लक्षण म्हणून पाहणाऱ्याला हा निष्कर्ष समजावता येत नाही.

हजेरीची गोष्ट निघालीच आहे तर एक सावधगिरी सांगायला हवी. धार्मिक वागण्यावर जशा किंमती लागू होतात, तशा त्याविषयी बोलण्यावरही होतात. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं सुमारे ४० टक्के लोक सांगत, की आम्ही गेल्या आठवड्यात चर्चला गेलो होतो. १९९३ मध्ये तिघा समाजशास्त्रज्ञांनी हे खरंच मोजायचं ठरवलं. त्यांनी ओहायो राज्यातली एक काउंटी, म्हणजे एक जिल्हा, निवडला. नोंदीत नसलेली चर्च सापडावीत म्हणून तिथले रस्ते गाडीनं पालथे घातले, आणि जिथे आकडा मिळाला नाही तिथे बाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या. प्रत्यक्ष हजेरी लोक सांगत होते त्याच्या निम्म्याच्या आसपास निघाली. हे लोक लबाड होते असं मला म्हणायचं नाही. चांगला माणूस चर्चला जातो अशी जिथे समजूत आहे, तिथे ‘मी चांगला माणूस आहे’ हे सांगायची तीच रीत असते.

नियम जेवढे कडक, संघटना तेवढी घट्ट?

आता अशा कोड्याकडे येऊ, जे सरळ हिशेबानं सुटत नाही. फायद्यातोट्यावरच सगळं चालत असतं, तर ज्या पंथात नियम कमी आणि सवलती जास्त तिकडे लोकांची रीघ लागायला हवी होती. प्रत्यक्षात अनेकदा उलट दिसतं. खाण्यापिण्यावर, कपड्यांवर, करमणुकीवर, बाहेरच्यांशी मिसळण्यावर कडक बंधनं घालणारे पंथ टिकतात आणि वाढतात. सगळं सोपं करून टाकणारे हळूहळू विरळ होत जातात.

अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स आयनाकोन यांनी १९९०च्या दशकात याचं एक उत्तर दिलं, आणि मला ते या विषयातलं सगळ्यात उजळ उत्तर वाटतं. धर्मातून मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकट्याला मिळत नाहीत. सामूहिक गायन घ्या. पन्नास जण मनापासून गात असतील तर प्रत्येकाचा ऊर भरून येतो. त्यातले तीस जण नुसते ओठ हलवत असतील तर उरलेल्या वीस जणांचाही उत्साह मावळतो. संकटात मदत करण्याचंही तसंच. सगळे मदत घेणारे आणि देणारा कुणी नाही असं झालं की ती मंडळी फुटते. फुकट्यांना बाहेर कसं ठेवायचं हा अशा प्रत्येक समूहापुढचा मूळ प्रश्न असतो. माणसाच्या मनात डोकावून त्याची निष्ठा मोजता येत नाही. म्हणून समूह अशी अट घालतो जी निष्ठावंताला झेपते आणि अर्धवट मनाच्या माणसाला जड जाते. विचित्र पोशाख, कडक उपास, ठरावीक दिवशी कामधंदा पूर्ण बंद. अशा अटींचा दुसराही परिणाम होतो. बाहेरच्या जगातल्या मौजा त्या माणसाला अवघड होऊन बसतात, आणि मग त्याचा वेळ आणि जीव समूहातच गुंततो.

बाहेरून निरर्थक दिसणाऱ्या बंधनांमागे असं काम असू शकतं, हे समजल्यावर मी अशा बंधनांना सरसकट मूर्खपणा म्हणणं सोडून दिलं. सगळी बंधनं योग्य असतात असं अजिबात नाही. काहींचा बोजा नेमका दुबळ्यांवर पडतो, बायकामुलांवर पडतो, आणि तिथे ‘संघटना घट्ट राहते’ हे समर्थन होऊच शकत नाही.

या विचाराची एक विलक्षण कसोटी इतिहासात आपोआप घडून गेली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या जॉर्ज रॅप यांच्या अनुयायांचा एक पंथ होता, हार्मनी सोसायटी. १८०५ मध्ये त्यांनी आपली सगळी मालमत्ता समूहाच्या नावे केली. १८०७ मध्ये ब्रह्मचर्य स्वीकारलं, विवाहितांनीसुद्धा. ख्रिस्ताचं पुनरागमन जवळ आलं आहे असा त्यांचा विश्वास होता. १८१४ पासून त्यांनी इंडियाना राज्यात जंगल तोडून एक गाव वसवलं, शेती आणि कारखाने उभे केले, भरभराटीला आणले. दहा वर्षांनी त्यांनी हे अख्खं गाव विकायला काढलं आणि ते घेतलं रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश उद्योजकानं. ओवेन धर्म मानत नव्हता. समतेवर आणि सहकारावर चालणारा आदर्श समाज त्याला घडवायचा होता. घरं तीच, शेतं तीच, कारखाने तेच. गावाला नाव दिलं न्यू हार्मनी. येईल त्याला दार उघडं होतं, आणि काही महिन्यांतच शेकडो लोक आले. त्यांत विद्वान होते, कारागीर होते, आणि नुसते राहायला आलेलेही होते. कामाच्या वाटणीवरून आणि मालमत्तेवरून भांडणं सुरू झाली, आणि १८२७ पर्यंत तो प्रयोग मोडला. रॅप यांचे लोक पेनसिल्व्हेनियात गेले, तिथे पुन्हा गाव वसवलं, आणि त्यांची संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. शेवटी ती संपली त्याला ब्रह्मचर्यही कारण होतं. नवी पिढी जन्माला येणारच नव्हती.

एका उदाहरणावरून नियम बांधायचा नसतो. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी २००३ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामुदायिक वसाहतींच्या नोंदी तपासल्या. दारू, तंबाखू, मांस, दागिने सोडणं, बाहेरच्यांशी संबंध तोडणं अशा कोणत्या अटी प्रत्येक वसाहतीत होत्या आणि ती किती वर्षं टिकली, हे त्यांनी ताडून पाहिलं. धार्मिक वसाहतींत अटी जितक्या जास्त तितकं आयुष्य जास्त निघालं. पण निधर्मी वसाहतींत असा संबंध दिसलाच नाही. तिथे अटी वाढवून आयुष्य वाढत नव्हतं.

आयनाकोन यांच्या नुसत्या हिशेबात हे बसत नाही. अट फुकट्यांना गाळते एवढंच तिचं काम असतं तर ती दोन्हीकडे सारखीच चालायला हवी होती. सोसिस यांचं म्हणणं असं, की धार्मिक वसाहतीत ती अट पवित्र मानलेली असते. ती वादाच्या पलीकडे असते. ओवेनच्या गावात नियम केला तर सकाळी कुणीतरी उठून विचारणार, हा का पाळायचा? आणि त्याचं उत्तर पुन्हा फायद्यातोट्यातच द्यावं लागणार. रॅप यांच्या गावात तो प्रश्न त्या रूपात उभाच राहत नव्हता.

अर्थात अट वाढली की काहीजण गळतात, आणि कोण गळतं त्यावर पुढच्या कित्येक शतकांचं रूप ठरू शकतं. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं. यज्ञबळींचा धर्म त्याबरोबर थांबला आणि ग्रंथ वाचणं, मुलांना वाचायला शिकवणं हे ज्यू धर्माचं केंद्र बनत गेलं. मारिस्टेला बोटिचिनी आणि झ्वी एकस्टाइन या अर्थशास्त्रज्ञांची मांडणी अशी आहे, की त्या काळच्या शेतकऱ्याला मुलाचं शिक्षण म्हणजे निव्वळ खर्च होता. नांगर धरायला अक्षरओळख लागत नाही. ज्यांची श्रद्धा घट्ट होती किंवा ज्यांना परवडत होतं ते राहिले, बाकीच्यांपैकी पुष्कळ जण इतर धर्मांत विरघळले. जे राहिले ते साक्षर होते, आणि पुढे शहरं वाढली तेव्हा व्यापार आणि हिशेबाची कामं त्यांच्याकडे आली. इतिहासकारांमध्ये या मांडणीवर मतभेद आहेत. पण धार्मिक अट कशी समाजाची चाळणी होते हे पाहायला ती उपयोगी आहे.

संकटाच्या वेळी

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथल्या कोळ्यांचं वागणं त्यानं नोंदवलं. आतल्या शांत खाडीत मासे खात्रीनं मिळत, तिथे ते कोणतेही मंत्रविधी करत नसत. खुल्या समुद्रात जिवाला धोका होता आणि मासळीचा भरवसा नव्हता, तिथे जायच्या आधी विधींची भली मोठी तयारी असे. त्या लोकांना कार्यकारण कळत नव्हतं असं नाही. जिथे आपलं कौशल्य पुरतं तिथे ते कौशल्यावर विसंबत. जिथे कौशल्य संपतं तिथे विधी सुरू होत.

आजही हे बदललेलं नाही. २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला, तेव्हा त्याच त्या लोकांना आधी आणि नंतर विचारणारी एक दीर्घ पाहणी सुरू होती. देशात एकूण धार्मिकता घटत असताना भूकंपाची झळ बसलेल्यांमध्ये ती वाढली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत जगभर इंटरनेटवर प्रार्थनेविषयीचे शोध एकाएकी उसळले, हे डॅनिश अर्थशास्त्रज्ञ जीनेट बेंट्झेन यांनी दाखवलं.

पण संकटात माणूस देवाकडे वळतो तेव्हा त्याला नेमकं काय हवं असतं? धीर हवा असतो हे उघड आहे. मदतही हवी असते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघड. इंडोनेशियात १९९७-९८ मध्ये चलन कोसळलं. महागाई भडकली. ठरावीक पगारावर जगणारे होरपळले, तर भात पिकवणाऱ्यांना वाढलेल्या भावाचा आधार मिळाला. डॅनियल चेन यांनी दाखवलं, की ज्या कुटुंबांना जास्त झळ बसली त्यांनी कुराणाच्या सामूहिक अभ्यासाला जास्त वेळ दिला. आणि जिथे कर्ज मिळण्याची सोय होती तिथे हा परिणाम बराच कमी होता. अभ्यासवर्गात येणाऱ्यांना पुढे अडचणीत आधार मिळत होता. धार्मिक मंडळी विम्याचं काम करत होती.

याच गोष्टीची दुसरी बाजू अमेरिकेत दिसते. १९३०च्या दशकातल्या महामंदीत सरकारनं ‘न्यू डील’खाली मदतीच्या योजना सुरू केल्या, तेव्हा चर्चचा दानधर्मावरचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी घटला, असा ग्रुबर आणि हंगरमन यांचाच दुसरा अभ्यास सांगतो. जे काम मंडळी करत होती ते सरकार करू लागलं.

इथे काही जण लगेच निष्कर्ष काढतात, की गरिबांची श्रद्धा म्हणजे गरजेपोटी घेतलेलं सोंग. मला हे मान्य नाही, आणि असं म्हणणाऱ्यांचा थोडा रागही येतो. ज्याच्या घरात आजार शिरला आहे आणि हाताशी पैसा नाही, त्याच्या दारात शेजारची प्रार्थनामंडळी येऊन उभी राहते. रात्रभर कुणीतरी त्याच्या उशाशी बसतं. त्यानंतर त्या माणसाला त्या मंडळीचा देव खरा वाटू लागला तर त्यात ढोंग कुठे आलं? आपल्यासाठी कोण आलं यावरूनच आपण सगळे कशावर विश्वास ठेवायचा ते ठरवत असतो.

दुसऱ्याची श्रद्धा आपल्याला का पटते

मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी २००९ मध्ये मांडलेला विचार इथे कामाला येतो. शब्द स्वस्त असतात. कुणीही काहीही सांगू शकतो. म्हणून माणूस ऐकताना सांगणाऱ्याच्या वागण्याकडे पाहतो. तुझा खरंच विश्वास नसेल तर तू करणारच नाहीस, अशी एखादी गोष्ट तू करतोस का? उपासमार सोसतोस का, संपत्ती सोडतोस का, छळ सहन करतोस का? केलंस तर तुझं म्हणणं मला पटण्याची शक्यता वाढते. मुलांच्या बाबतीत हे रोज घडतं. आईवडील नुसते ‘देवाला भी’ म्हणतात, पण स्वतः त्यासाठी काहीच सोडत नाहीत, तेव्हा मूल ते शब्द शिकतं आणि विश्वास शिकत नाही.

गंमत अशी, की या कारणानं उघड लाभ श्रद्धेला मारक ठरतो. धर्मोपदेशकाला ज्या गोष्टीचा भरपूर मोबदला मिळतो ती त्याच्या विश्वासाचा पुरावा राहत नाही. कितीतरी परंपरांनी गुरूंकडून आणि भिक्षूंकडून अपरिग्रहाची, ब्रह्मचर्याची शपथ मागितली, त्यामागे हे एक कारण असावं. आणि एखाद्या धर्मगुरूचा पैशाचा किंवा लैंगिक गैरव्यवहार उघडकीस आला की अनुयायी इतके हादरतात, त्याचंही मूळ इथेच आहे. ज्या त्यागावर विसंबून त्यांनी विश्वास ठेवला होता तो त्याग झालाच नव्हता.

मॉरिशसमध्ये तमिळ समाज थैपूसम हा मुरुगन (कार्तिकेय) देवाचा उत्सव करतो. कावडी वाहणारे भक्त अंगात सुया आणि आकडे टोचून घेतात, जड कावड खांद्यावर घेऊन तासन् तास अनवाणी चालतात आणि डोंगरावरच्या मंदिरात पोचतात. दिमित्रिस झायगालाटास आणि सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला. लोकांना प्रश्नावली भरण्याबद्दल थोडे पैसे दिले, आणि नंतर आडोशाला एक दानपेटी ठेवली. कोण किती टाकतं हे दुसऱ्याला दिसत नव्हतं. शांतपणे सामूहिक प्रार्थना केलेल्यांपेक्षा कावडी वाहिलेल्यांनी जास्त दान केलं. आणि ज्यांनी स्वतः काही टोचून घेतलं नव्हतं, पण शेजारून चालत सगळं पाहिलं होतं, त्यांचाही हात तितकाच सैल झाला होता. जितकी वेदना जास्त वाटली तितकं दान जास्त. एकाच्या यातनेनं बघणाऱ्याचं मन हललं, आणि तेही जिथे कुणी पाहत नाही अशा ठिकाणी.

पण असा परिणाम किती काळ टिकतो? मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये दुकानदारांवर झालेला एक प्रयोग इथे बोलका आहे. त्यांना काही पर्याय दिले: स्वतःला थोडं जास्त घ्या, किंवा दानाला जास्त जाऊ द्या. अजान ऐकू येत असताना दुकानदार जास्त उदार झाले. अजान थांबून काही वेळ गेला की नेहमीसारखे. श्रद्धा तीच होती, माणूस तोच होता, पण आठवण ताजी असताना ती हाताला सांगत होती आणि आठवण फिकी झाल्यावर सांगत नव्हती. दिवसातून अनेकदा, आठवड्यातून एकदा, वर्षातून ठरावीक दिवशी करायची कर्मं जवळजवळ प्रत्येक धर्मात का असतात, याचं मला यात निम्मं उत्तर मिळतं.

आचरण माणसाला बदलतं का?

हा प्रश्न अभ्यासकांना फार छळतो. धार्मिक यात्रा करून आलेला माणूस अधिक शांत दिसला तर तो यात्रेमुळे शांत झाला, की शांत माणसंच यात्रेला जातात? पाकिस्तानात तेव्हा हजला जाण्यासाठी अर्ज करणाऱ्यांची सोडत निघत असे, आणि त्यामुळे याचं उत्तर शोधता आलं. अर्ज दोघांनी केला, इच्छा दोघांची सारखी, एकाचा नंबर लागला आणि दुसऱ्याचा नाही. डेव्हिड क्लिंगिंगस्मिथ, असीम ख्वाजा आणि मायकेल क्रेमर यांनी २००६ च्या सोडतीतल्या सोळाशेहून अधिक अर्जदारांना हजनंतर काही महिन्यांनी गाठलं.

हजहून आलेले लोक नमाज आणि रोजे अधिक नेमानं पाळत होते, यात नवल नाही. पण ताईत बांधण्यासारख्या स्थानिक प्रथा त्यांच्यात कमी झाल्या होत्या. इतर देशांच्या आणि इतर पंथांच्या मुसलमानांविषयी त्यांचं मत सुधारलं होतं. इतर धर्मीयांविषयीचा द्वेष वाढेल अशी भीती काहींना असते, तसं घडलं नव्हतं. उलट वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांत सलोखा शक्य आहे असं मानणारे त्यांच्यात जास्त होते. मुलींच्या शिक्षणाला आणि स्त्रियांनी काम करण्याला त्यांचा पाठिंबाही वाढला होता. जगभरातून आलेल्या स्त्री-पुरुषांबरोबर एकाच मैदानात काही आठवडे काढल्याचा तो परिणाम असावा, असं अभ्यासकांना वाटतं. कुणी त्यांना हे विचार बदलण्यासाठी काही दिलं नव्हतं. त्यांनी एक कर्म केलं, आणि त्या कर्मातून त्यांचा विश्वास नव्यानं घडला.

उपदेशकाचा पगार कोण देतो

हा वाद जुना आहे आणि थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये लिहिलं, की ज्या धर्मोपदेशकाचं पोट लोकांच्या ऐच्छिक देणगीवर अवलंबून असतं तो सरकारी तनख्यावरच्या उपदेशकापेक्षा जास्त झटतो. त्यांचे मित्र, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचंही निदान हेच होतं. पण ह्यूम यांना तो उत्साह धोकादायक वाटायचा, कारण गिऱ्हाईक मिळवण्यासाठी उपदेशक लोकांना भडकवतील. म्हणून सरकारनं त्यांना पगार देऊन सुस्त ठेवावं हे बरं, असं त्यांचं मत. स्मिथ यांचं उत्तर असं, की पंथ दोन-तीन असतील तर धोका आहे, शेकडो असतील तर प्रत्येकाला नमतं घ्यावंच लागेल.

विसाव्या शतकात काही समाजशास्त्रज्ञांनी यावरून नियमच बांधला: पंथांत स्पर्धा जास्त तिथे धार्मिकता जास्त. पुढे जे पुरावे तपासले गेले त्यात तो नियम टिकला नाही. पोलंड आणि आयर्लंड या देशांत एकाच चर्चचं वर्चस्व होतं आणि तरीही दीर्घकाळ हजेरी प्रचंड होती. परक्या सत्तेखाली असताना तिथलं चर्च हे राष्ट्राची ओळख बनलं होतं. प्रार्थनेला जाणं म्हणजे आपण कोण आहोत हे सांगणं होतं. स्पर्धेच्या गणितात हा लाभ कुठल्याच रकान्यात नव्हता, म्हणून ते गणित चुकलं.

असा न धरलेला लाभ मोजायचा कसा, याचा एक प्रयत्न फिलिपे काम्पांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१५ मध्ये केला. रमजानचा महिना चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी मागे सरकतो. कधी तो उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत उन्हाळ्यातला दिवस फार लांब असतो, त्यामुळे तिथे उपासाचे तास दरवर्षी खूप बदलतात. हे तास कुणीही निवडत नाही, ते पृथ्वीच्या फिरण्यानं ठरतात. अभ्यासकांना आढळलं, की उपास लांबला त्या वर्षी मुस्लिम देशांतली आर्थिक वाढ मंदावली, आणि त्याच काळात लोक स्वतःला जास्त सुखी आणि समाधानी म्हणत होते. हा परिणाम फक्त उपासाच्या महिन्यातल्या थकव्याचा नव्हता. लोकांच्या कामाच्या निवडीत बदल झाला होता, आणि आयुष्यात भौतिक कमाईला किती महत्त्व द्यायचं याविषयीचं त्यांचं मतही बदललं होतं. उत्पन्नाच्या वहीत तो तोटा दिसतो. ज्यांनी उपास केला त्यांना विचारलं तर ते तसं म्हणत नाहीत.